तिसऱ्या ट्रम्पेटचं नाव

फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी येऊन नववीच्या वह्या काढून बसले होते. पलीकडचे गृहस्थ पुण्याचे होते. निवृत्त इंजिनियर, जुनी ध्वनिमुद्रणं गोळा करण्याचा नाद. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचे वडील ट्रम्पेट वाजवायचे का?"

मी हो म्हटलं.

"मग मला बरोबर नंबर मिळाला म्हणायचा. साठच्या दशकात मुंबईहून एक बँड दौऱ्यावर गेला होता. स्विंग जॅझ वाजवणारा. हॉटेलांमधल्या निरनिराळ्या बँडांतले नावाजलेले वादक महिन्याभरासाठी एकत्र केले होते. त्यांच्याबरोबर रेडिओ दुरुस्त करणारा एक जण टेपमशीन घेऊन फिरला. त्याच्या नातवाकडे मला सात स्पूल मिळालेत. खरखर आहे, पण वाजतात. सगळ्या वादकांचा पत्ता लागला. फक्त तिसऱ्या ट्रम्पेटचा घोळ आहे. तो मुलगा महाडकडचा होता असं एका म्हाताऱ्या ड्रमवाल्यानं सांगितलं."

घोळ हा शब्द मी ऐकला, पण आनंदाच्या भरात कानामागे टाकला.

कारण ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या रस्त्याला. वाडीतल्या, सैन्याच्या बँडमधून पेन्शनवर आलेल्या एका चुलत्यानं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लहानपणी बिगुल शिकवला. आबा पंधराव्या वर्षी मुंबईला गेले, लग्नाच्या बँडमध्ये लागले, आणि तिथून एका गोवेकर मास्तरांच्या हाताखाली ट्रम्पेट शिकले. मास्तरांनी त्यांना नोटेशन वाचायला शिकवलं. मग तो दौरा. एक महिना, अकरा शहरं, काळे कोट, काळे बो. दौरा संपल्यावर आबा गावी परत आले, महाडच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले.

वाडीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, आणि तिचा कळस ठरलेला होता. कार्यक्रम सुरू होताना निवेदक एकेका वादकाचं नाव घ्यायचा. तो वादक उभा राहून वाकायचा. "माझं नाव घेतलं," आबा सांगायचे, "आडनावासकट. सूटबूटवाली माणसं टाळ्या वाजवीत होती." मग मुलांपैकी कोणीतरी हमखास विचारायचं, "आडनावासकट?" आणि आबा म्हणायचे, "आडनावासकट."

ज्या आडनावामुळे आमच्या माणसांना तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या पायरीखाली उभं राहावं लागलं होतं, ते आडनाव मोठ्या हॉलात माइकवरून घेतलं गेलं, ही आमच्याकडे लहान गोष्ट नव्हती. मी बीएडला असताना यावर निबंध लिहिला होता. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

पुरावा मात्र काही उरला नव्हता. महापुराच्या वर्षी जुलैमध्ये सावित्रीचं पाणी आमच्या महाडच्या घरात माळ्यापर्यंत आलं, तेव्हा ट्रम्पेटची पेटी आणि बँडचा एकुलता एक फोटो दोन्ही गेले. चिखल उपसताना आबांनी त्यांची चौकशीसुद्धा केली नाही. म्हातारपणामुळे असेल, असं मला वाटलं होतं.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. मिस्टर गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आबा चहात बटर बुडवत होते.

"आबा, तुमच्या दौऱ्याच्या टेपा सापडल्या! पुण्याच्या एका गृहस्थांकडे आहेत. ऐकवणार आहेत आपल्याला."

बटराचा भिजलेला तुकडा कपात पडला. त्यांनी तो काढला नाही.

"टेपा? त्या हायत अजून?"

"सात आहेत."

"त्याला सांग, तो मी नव्हं म्हणून."

"असं काय करता?"

"नको म्हटलं ना बाय." आणि ते उठून बाहेरच्या खोलीत गेले.

पण तोवर मी एक काम करून बसले होते. पुण्याचा फोन ठेवल्या ठेवल्या वाडीतल्या माझ्या चुलत भावाला फोन केला होता. हा भाऊ आबांना देव मानतो. आबांच्या गोष्टी ऐकूनच त्यानं वाडीत बँडपथक उभं केलंय. जयंतीला पोलादपूरच्या मिरवणुकीत ते वाजतं, आणि पथकाच्या बॅनरवर आबांचा फोटो असतो. तासाभरात त्याचा उलटा फोन आला.

"ताई, रविवारी सकाळी विहारात कार्यक्रम ठेवलाय. काकांचा सत्कार. पुण्याच्या साहेबांशी तूच बोल. तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवसाआधी उरकायला हवं, नंतर सगळे महाडात असतात."

"आबांना विचारू दे आधी."

"त्यांना काय विचारायचं? निरोप गेलासुद्धा सगळ्यांना."

ते मंगळवारी. बुधवारी आबा नीट जेवले नाहीत. गुरुवारी सकाळी त्यांनी माझा मोबाइल उचलून हातात धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत ठेवला. "काय हवंय?" विचारलं तर "काय नाय."

गुरुवारीच पुण्याच्या गृहस्थांनी पहिली फाइल पाठवली. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत जाऊन बसले आणि कानात इअरफोन घातले.

मला जॅझ कळत नाही. आधी खरखर होती, मग खोकणं, खुर्च्या सरकवणं. मग एकदम आठ-नऊ पितळी वाद्यं एका दमात उठली. मी दचकून आवाज कमी केला. ड्रम घाईनं पळत होता आणि तरी सगळे एकत्र होते, वेगात उतरणाऱ्या पण ताब्यात असलेल्या गाडीसारखे. मला हसू यायला लागलं. माझा बाप यात बसलाय, एकवीस वर्षांचा!

मग बँड हळू झाला आणि निवेदक इंग्रजीतून वादकांची ओळख करून देऊ लागला. पियानो, बास, ड्रम. चार सॅक्सोफोन, दोन ट्रॉम्बोन. प्रत्येक नावाला टाळ्या. मी कान जवळ आणल्यासारखी मान वाकवली. पहिला ट्रम्पेट. दुसरा ट्रम्पेट.

तिसऱ्या ट्रम्पेटला त्यानं एक पोर्तुगीज वळणाचं नाव घेतलं. "फ्रॉम गोवा." टाळ्या. आणि बँड परत उसळला.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्याचं होतं त्याची नातवंडं कुठेतरी असतील.

मी तो भाग तीनदा ऐकला. बारा नावं, प्रत्येक वेळी बारा. आमचं आडनाव त्यात नव्हतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी मी उठले नाही. एका मुलीनं दारातून डोकावून विचारलं, "बाई, तास आहे ना?" मी हो म्हणून उभी राहिले. वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. डोक्यात एकच होतं, की आबा त्या बँडमध्ये नव्हतेच. कदाचित एखाद्या कार्यक्रमाला पाठीमागे उभे राहून ऐकलं असेल, कदाचित सामान उचलायला गेले असतील, आणि साठ वर्षं सगळ्या वाडीला, माझ्या आईला, मला खोटं सांगत आले असतील. रविवारी सकाळी शंभर माणसं ते ऐकायला बसणार होती.

घरी आले तेव्हा पाच वाजले होते. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी चप्पलही काढली नाही.

"आबा, मी ऐकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुमचं नाव नाही त्यात. तिसऱ्या ट्रम्पेटला गोव्याचा माणूस आहे. तुम्ही होतात का त्या बँडमध्ये? खरं सांगा."

"आत चल," ते म्हणाले.

आत आल्यावर त्यांनी हात पुढे केला. "लाव. नावं नको. पुढचं लाव."

मी इअरफोन काढून स्पीकरवर लावलं. ओळख संपल्यानंतर एक संथ गाणं होतं. आबा पलंगावर बसले, उजवा हात मांडीवर. गाणं सुरू झालं आणि त्यांची तीन बोटं हलायला लागली. पहिलं, पहिलं आणि तिसरं, दुसरं, मग तिन्ही एकदम. मी आधी लक्ष दिलं नाही. मग दिसलं की बोटं सुरांच्या मागून जात नाहीत, किंचित आधी दाबली जाताहेत. मध्येच बाकीचा बँड खाली बसल्यासारखा झाला आणि एकटा ट्रम्पेट वर आला. वीसेक सेकंदांचा तुकडा असेल. आबांनी ओठ आवळून धरले होते, गालाच्या शिरा ताणल्या होत्या. शेवटचा सूर जरा थरथरला.

"हा चुकला," ते म्हणाले. "श्वास पुरला नाय."

मी मोबाइल बंद केला. ते होते. मग रागच आला मला, सुटल्यासारखं वाटण्याऐवजी.

"मग नाव का नाही तुमचं?"

त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी आणलं. ते पेला हातात धरून बोलले.

तिसरा ट्रम्पेट वाजवणारा खरोखरच गोव्याचा होता. दौऱ्याच्या चार दिवस आधी त्याला टायफॉइड झाला. मास्तरांनी त्याच्या जागी आबांना घेतलं. पण हँडबिलं छापून झाली होती आणि निवेदकाच्या हातातला कागदही तयार होता. पहिल्या कार्यक्रमात त्यानं छापलेलं नाव वाचलं आणि आबा उभे राहिले.

"दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मास्तर बोलले, पोरा, तुझं पूर्ण नाव लिहून दे, आजपासून बरोबर घेऊ."

"मग?"

"मी बोललो, राहू दे सर."

"का?"

आबा पेल्याकडे बघत होते. "आदल्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर तिथल्या एका बड्या असामीनं बँडला घरी जेवायला बोलावलं होतं. मोठं घर. तो दारात उभा राहून एकेकाचा हात हातात घेत होता, नाव विचारीत होता. माझी पाळी आली तेव्हा तोंडातनं ते छापलेलं नाव गेलं. त्यानं आत नेलं मला. खुर्चीवर बसवलं. घरातल्या बाईनं स्वतः वाढलं. चांदीच्या पेल्यातनं पाणी दिलं. मी प्यालो."

त्यांनी पेला दुसऱ्या हातात घेतला.

"माझा बाप तळ्यावर गेला होता गो. तुला माहीत हाय. स्वतःच्या नावानं गेला, पाणी प्याला, आणि परत येताना डोकं फोडून घेतलं. आणि मी दुसऱ्याच्या नावानं प्यालो. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच राहू दिलं. अकराच्या अकरा शहरांत."

मी पलंगाच्या कडेला बसले. बाहेर डेपोकडे वळणारी एसटी हॉर्न देत होती.

"मग आडनावासकट घेतलं, हे कशाला सांगितलंत?"

"परत आलो तेव्हा बाप अंगणात सूप विणत बसला होता. त्यानं एवढंच विचारलं. नाव घेतलं का रे माइकावर? मी हो बोललो. त्यानं विचारलं, आडनाव? मी त्यालाही हो बोललो." आबांनी पेला खाली ठेवला. "तिथंच अडकलो. तो गेल्यावरही सोडवता येईना."

गावी यायच्या आधी मुंबईत मास्तरांनी बोलावलं होतं, असंही त्यांनी सांगितलं. दुसऱ्या एका बँडमध्ये जागा होती. पण लोकांना आता ते गोव्याचं नाव ठाऊक झालंय, तेच ठेव, असं मास्तर म्हणाले. चांगल्या मनानं म्हणाले. आबा उत्तर न देता गावी निघून आले.

मी शुक्रवारी पुण्याला फोन केला. सगळं सांगितलं नाही. वाडीत ऐकवताना ओळखीचा भाग कापता येईल का, एवढंच विचारलं.

"रविवारपुरतं कापता येईल. पण मी जे जपून ठेवणार आहे त्यात मी काही कापत नाही, मॅडम. आणि तिसऱ्या ट्रम्पेटला कोणाचं नाव लिहायचं, ते मला कधीतरी सांगावं लागेल तुम्हाला."

"रविवारपुरतं कापा," मी म्हटलं.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. होकार की नुसतंच ऐकलं, ते मला कळलं नाही. शनिवारी चुलत भाऊ सत्काराची शाल दाखवायला महाडला आला. तो ओट्यावर बसून आबांना विचारत होता, "काका, मुलांना सांगाल ना ती निवेदकाची गोष्ट? आडनावासकट?" मी चहा ओतत होते, हात भाजला. आबा म्हणाले, "बघू."

रविवारी सकाळी भावाची रिक्षा आली. पोलादपुरात वळल्यावर आबांनी मला विचारलं, "तो बसलेला असंल ना पुढं?" मला कळलं ते कोणाबद्दल बोलताहेत. वाडीत आबांच्या वयाचे आता एकच उरलेत. दोघं बरोबर बिगुल शिकले. ते पुढे गिरणीत लागले, संपात नोकरी गेली, परत येऊन वाडीचं विहार स्वतःच्या हातानं बांधलं. कोणापुढे कधी वाकले नाहीत, असं त्यांच्याबद्दल सगळे म्हणतात.

ते पहिल्याच रांगेत बसलेले होते. पांढरा सदरा, काठी दोन पायांमध्ये.

विहार भरलं होतं. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, पथकातली मुलं युनिफॉर्म घालून मागे उभी. पुण्याचे गृहस्थ वरंध घाटातून गाडी घेऊन आले होते. बारीक चणीचे, घामाघूम. त्यांनी लॅपटॉप भावाच्या स्पीकरला जोडला होता. वंदना झाली. भावानं आबांना शाल घातली आणि त्यांची सगळी गोष्ट स्वतःच सांगून टाकली, आडनावासकट. टाळ्या झाल्या. आबा शालीची कड चिमटीत धरून बसले होते.

गृहस्थांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पहिलं गाणं लावलं. विहारात ते केवढं मोठं वाटलं! बायका एकमेकींकडे बघून हसल्या. गाणं हळू झालं, आणि मला माहीत होतं तिथे थांबलं. पुढच्या गाण्याची खरखर सुरू झाली.

आबांनी हात वर केला.

"थांबवा."

गृहस्थांनी थांबवलं.

"मधलं कुठं गेलं? नावं होती ना मधे?"

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी मान डावी-उजवी हलवली, अगदी थोडी, त्यांनाच दिसेल एवढी. पण आबा उठून उभे राहिले होते.

"बाय, तू नको बोलू. साहेब, नावं लावा."

"आहेत का नावं?" भाऊ खूश झाला. "अरे, मग लावा की!"

ते शोधायला गृहस्थांना मिनिटभर लागलं असेल. त्या मिनिटात मी उठून लॅपटॉप बंद करू शकले असते. मी जागची हलले नाही. का हलले नाही ते मला अजून सांगता येत नाही.

नावं सुरू झाली. मुलं मागून पुढे सरकली. पियानो, बास, ड्रम. इंग्रजी कोणाला कळत होतं, कोणाला नाही, पण सगळे आमच्या आडनावाची वाट बघत होते, आणि त्याला इंग्रजी लागत नाही. पहिला ट्रम्पेट. दुसरा ट्रम्पेट. तिसरा. फ्रॉम गोवा.

टाळ्या वाजल्या, त्या साठ वर्षांपूर्वीच्या. विहारात कोणी वाजवल्या नाहीत.

"काका नाहीत यात?" भाऊ मला म्हणाला. मग गृहस्थांना, "दुसरीच टेप लागली का?"

"टेप तीच हाय," आबा म्हणाले. "तो तिसरा मीच. नाव माझं नाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्यापेक्षा थोडक्यात, उभं राहून, खुर्चीची पाठ धरून. टायफॉइड, हँडबिल, स्टेशन, चांदीचा पेला. स्वतःच्या वडिलांशी बोललेलं खोटं त्यांनी शेवटी सांगितलं. बोलून झाल्यावर त्यांना बसायचं होतं, पण बसावं की नाही हे त्यांना समजत नसावं, ते तसेच उभे राहिले.

पहिल्या रांगेतले ते मित्र काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "एक सांग. त्या नावानं कोणी पाठीमागनं हाक मारली, तर वळायचास?"

मला वाटत होतं त्यांनी नाही म्हणावं. सगळ्यांनाच तसं वाटत असावं.

"पहिल्या आठवड्यात नाय," आबा म्हणाले. "मग वळाय लागलो."

मित्र उठले. कोणाचा हात न घेता, काठी टेकत, बायकांच्या आणि पुरुषांच्या मधल्या वाटेनं चालत गेले. दारात वाकून त्यांनी चपला घातल्या. त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होतो. मग ते गेले. त्यांच्या मागून आणखी दोघं उठले.

भाऊ स्पीकरजवळ उभा होता, चेहरा लाल. पुढे काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं. शेवटी पुण्याच्या गृहस्थांनी, बहुधा शांतता सहन न होऊन, पुढचं गाणं लावलं. ते संथ गाणं. मी आबांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. एकट्या ट्रम्पेटचा तुकडा आला तेव्हा लोक स्पीकरकडे बघत होते, आबांकडे नाही. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ह्यो तूच काय रे?"

"हां."

"बरा वाजीवतोस."

कोणी हसलं नाही, पण तिच्या शेजारणीनं मान हलवली. गाणं संपल्यावर लोक उठायला लागले. काही जण आबांच्या पाया पडून गेले, काही तसेच गेले. चहा उरला.

भाऊ मला बाहेर आंब्याखाली घेऊन गेला. "ताई, तुला कधीपासून माहीत होतं?"

"गुरुवारपासून."

"आणि काल मी शाल घेऊन आलो तेव्हा गप्प राहिलीस? आज मी सगळ्यांपुढं उभा राहून सांगितलं. आडनावासकट!" त्याचा आवाज चिरकला. "या मुलांना मी काय सांगू आता?"

मी कापायला सांगितलं होतं, हे त्याला मी तेव्हा सांगितलंही नाही. ते त्याला नंतर दुसरीकडून कळलं, आणि त्यावरून आणखी एकदा भांडण झालं.

पुण्याचे गृहस्थ गाडीत सामान भरत होते. आबा त्यांच्यापाशी गेले. गृहस्थांनी हळू आवाजात विचारलं, "मी काय लिहू? तुम्ही म्हणाल ते लिहितो. काही लिहू नका म्हणालात तर तेही चालेल."

"त्याचं नाव खोडू नका," आबा म्हणाले. "छापलेलं त्याचंच होतं. खाली लिहा, तो आजारी होता आणि त्याच्या जागी वाजवणारा हा. आणि माझं नाव लिहा." मग त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि ते गृहस्थांनी वहीत बरोबर लिहिलंय का ते चष्मा काढून, वही डोळ्यांजवळ धरून तपासलं. आडनावातली वेलांटी त्यांनी दुरुस्त करायला लावली.

परतीच्या वाटेवर ते झोपले.

त्या वर्षी जयंतीच्या बॅनरवर आबांचा फोटो नव्हता. भावानं मला तसं आधी सांगितलं नाही. मी मिरवणुकीत पाहिलं. आबांनीही पाहिलं. ते म्हणाले, "पोरांनी ड्रम सुधारलाय." भाऊ महिनाभर आमच्याकडे आला नाही, मग त्याच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यासाठी आला आणि जेवून गेला. आता बोलतो, पण मला पूर्वी फोन करायचा तितका करत नाही.

पुण्याच्या गृहस्थांनी ती ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर ठेवली. आबांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी खाली लिहिलंय. मी आबांना वाचून दाखवलं. ऐकायचं का विचारलं तर नको म्हणाले. पण मी शाळेत गेल्यावर ते शेजारच्यांच्या सुनेकडून मोबाइलवर लावून घेतात, असं तिनं मला सांगितलं. मी त्यांना काही म्हटलेलं नाही.

मे महिन्यात, एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या ओट्यावर काठीचा आवाज आला. मी दार उघडलं तर ते वाडीतले मित्र. कोर्टात जमिनीच्या कामाला आले होते, तारीख पुढे पडली होती. मी पटकन म्हटलं, "या ना काका, आत या." आबा आतून आले आणि दारातच थबकले.

"चाय हाय काय घरात?" मित्रानं विचारलं.

"हाय की."

दोघं ओट्यावरच बसले. मी चहा दिला. आतून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. कोर्टाचं बोलले, यंदाच्या उन्हाचं, कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनचं. दौऱ्याचा, टेपचा, नावाचा एक शब्द नाही. मी भांडी न घासता मोरीत उभी राहून ऐकत होते, कधीही काहीतरी फुटेल म्हणून. चहा संपला. मित्र म्हणाले, "साडेबाराची पोलादपूर गाडी हाय."

"चल, डेपोपर्यंत येतो," आबा म्हणाले.

एवढ्या उन्हात नको, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. टोपी तेवढी दिली. दोघं रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं हळूहळू गेले. आबा परत आले तेव्हा पावणेदोन झाले होते. साडेबाराची गाडी वेळेवर सुटली असेल, तर मधला सव्वा तास ते कुठे होते आणि काय बोलले, मी विचारलं नाही. त्यांनी हातपाय धुतले आणि जेवायला वाढ म्हणाले.